दादारावांच्या रक्तातला विलायती बँड

मित्रांनो, माझ्या अंगावर एके काळी गुलाबाची फुलं होती. आता त्यांतलं एकच उरलं आहे, आणि तेही कुणी बोट दाखवलं तरच ओळखू येतं. मी एक जुना, रुंद तोंडाचा थर्मास आहे. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका दवाखान्यात, मलमपट्टीच्या खोलीतल्या टेबलावर मी उभा असतो. इथे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा स्वतःच्या जखमेकडे पाहतो आणि मग माझ्याकडे. जखमेकडे पाहवत नाही, म्हणून माझ्याकडे पाहतात. तरी मला बरं वाटतं.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. दोन बाटल्या, एकीच्या पोटात दुसरी, आतून चांदीसारखा मुलामा आणि दोघींच्या मधली हवा ओढून घेतलेली. हवाच नसल्यामुळे आतला गारवा बाहेर जात नाही आणि बाहेरची ऊब आत येत नाही. थोडक्यात, मन मोकळं न करण्याचं शिक्षण मला जन्मापासूनच मिळालं आहे.

पांढुर्ण्याच्या स्टेशनजवळच्या दुकानातून मला उर्मिलाबाईंनी विकत घेतलं. त्या सौंसरला राहत. घरी येताच त्यांनी मला फळीवर ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, "याला कोणी हात नाही लावायचा. मठ्ठा मीच भरणार, मीच वाढणार." मग काय विचारता. हळदीकुंकू असो की बारसं, माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. भर उन्हाळ्यात माझ्यातून गार मठ्ठा निघाला की बायका म्हणत, "उर्मिलाबाई, थर्मास पाहावा तर तुमचा." मीही फुगून जात असे. मठ्ठा त्यांच्या हातचा होता, हे मी सोयीस्करपणे विसरत असे.

त्यांची सून डॉक्टर होती. नलिनीताई तिचं नाव. गावात सगळे तिला 'डॉक्टरीन बाई' म्हणत. ही गोष्ट आहे एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपासची. एके दिवशी नलिनीताई फळीपाशी आल्या, त्यांनी मला उचललं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आई, हा मी दवाखान्यात नेऊ का?"

"मठ्ठा लागतो का तिथं?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"नाही. रक्त न्यायचं आहे नागपूरला. बर्फात."

पाटावर बसलेल्या उर्मिलाबाईंनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली. म्हणाल्या, "घेऊन जा. पण मग परत नको आणूस."

अशी माझी घरातून पाठवणी झाली, आणि तीही मुंडावळ्यांशिवाय.

आता रक्त कशाला न्यायचं, ते सांगतो. नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात नलिनीताईंचे गुरू होते, डॉक्टर मनोहर. ते एका अभ्यासात बुडाले होते. एखाद्याच्या जखमेतलं विष रक्तात भिनलं की सगळं शरीर आतून पेटल्यासारखं होतं. अशा वेळी आपल्या रक्तवाहिन्यांना आतून जे पातळ अस्तर असतं, तेही खवळून उठतं. खवळलं की ते रक्तात एक पदार्थ सोडतं. तो पदार्थ रक्तात किती वाढला हे मोजता आलं, तर आत केवढा दंगा चालला आहे याचा अंदाज येईल, असं डॉक्टर मनोहरांना वाटत होतं. आजूबाजूच्या गावांतून असे रुग्ण आले की त्यांचं थोडं रक्त पाठवा, असा त्यांनी निरोप दिला होता.

त्या पदार्थाचं नाव होतं व्हॉन विलेब्रांड फॅक्टर. नाव परक्या मुलखातलं होतं आणि सौंसरला पोहोचेपर्यंत त्याचे फार हाल झाले. दवाखान्यात रक्त तपासणारा तुळशीराम होता. त्याने ते एकदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा म्हणून पाहिलं आणि मग सरळ 'विलायती बँड' म्हणायला लागला.

आता दादारावांकडे येऊ. दादाराव सौंसरचे भोंगेवाले. सायकलरिक्षावर भोंगा बांधायचा, मांडीवर बॅटरी आणि हातात माईक घ्यायचा, आणि गावभर पुकारा करत फिरायचं. टॉकीजमध्ये नवीन सिनेमा लागला, कुणाची म्हैस सुटली, नळाला पाणी येणार नाही, जे काय असेल ते दादाराव सांगणार. चैत्रात जामसांवलीच्या हनुमानाचा मेळा भरला की हरवलेल्या पोरांची नावं पुकारायचं कामही त्यांचंच. घरीसुद्धा ते भोंग्यातच बोलतात, असं त्यांची बायको शांताबाई म्हणत असे.

एकदा संत्र्याच्या कलमांचा पुकारा करायला ते एका रोपवाटिकेत गेले, आणि तिथे जंभेरीचा काटा त्यांच्या पोटरीत मोडला. जंभेरी म्हणजे ज्या झाडावर संत्र्याचं कलम बांधतात ते. त्याचा काटा सुईसारखा लांब असतो. दादारावांनी तो नखांत धरून काढला, म्हणजे दिसला तेवढा काढला, वर हळद दाबली आणि पुकारा चालू ठेवला.

काही दिवसांनी शांताबाई त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आली. पाय सुजून तांबडालाल, पोटरीवरून वर चढलेली लाल रेघ आणि अंगात हुडहुडी.

"कधीपासून आहे ताप?" नलिनीताईंनी विचारलं.

"तापाचं मले नाई मालूम," शांताबाई म्हणाली. "सकाळपासून हा मानूस चूप हाये. लग्न झाल्यापासून असा चूप नाई राह्यला. म्हनून आनला."

नलिनीताईंनी नाडी पाहिली आणि लगेच सलाईन लावायला सांगितलं. विष रक्तात गेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली. तुळशीरामने दादारावांचं रक्त काढलं, हाताने फिरवायच्या यंत्रात गरगर फिरवलं, वरचं पिवळं पाणी वेगळ्या नळीत घेतलं, नळीला घट्ट बूच लावलं आणि ती बर्फात दाबून माझ्या पोटात ठेवली.

"कोठी घेऊन चालले माह्या नवऱ्याचं रक्त?" शांताबाईने त्याला दारात अडवलं.

"नागपूरले. विलायती बँड पाहाले."

शांताबाईने कमरेवर हात ठेवले. "इथं मानूस मरून राहिला, आन् तुमी बँड पाहाले चालले?"

नलिनीताईंनी तिला बाकावर बसवून समजावलं. "शांताबाई, तुमच्या रजईला आतून अस्तर असतं ना, तसं रक्ताच्या नळ्यांना आतून असतं. दादारावांच्या अंगातलं ते अस्तर खवळलं आहे. किती खवळलं ते नागपूरला पाहतात."

शांताबाई विचार करून म्हणाली, "म्हंजे आंगात बँड वाजून राहिला. थो किती जोरात वाजून राहिला, थे पाहाचं हाये."

"हो," नलिनीताई म्हणाल्या. "साधारण तसंच."

ती पहिली खेप बिनबोभाट पार पडली. इकडे दादारावांचा ताप इंजेक्शनांनी उतरला, काट्याची जखम वरून सुकली, आणि ते बोलायला लागले. आधी शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी, मग सगळ्या वॉर्डाशी, आणि शेवटी खिडकीतून रस्त्याशी. हनुमानजयंती तोंडावर आली होती.

"डॉक्टरीन बाई, मले सुट्टी द्या. मेळा सुरू होऊन राहिला."

"पोटरी अजून दुखते ना?"

"पोटरी हाये जी, दुखनच."

नलिनीताईंना ते पटत नव्हतं. ताप गेला होता, पण नाडी अजून पळत होती. त्यांनी पुन्हा रक्त काढायला लावलं आणि तुळशीरामला पुन्हा नागपूरच्या बसमध्ये बसवलं. मी त्याच्या मांडीवर होतो. "आत काय आहे ते सांगू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. "नाहीतर लोक खाली उतरवतील."

मित्रांनो, एप्रिलचं ऊन, गच्च भरलेली बस, आणि मांडीवर फुलाफुलांचा थर्मास. लोक गप्प कसे बसतील? शेजारी रामाकोन्याची यमुना नावाची बाई बसली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग तुळशीरामकडे.

"जामसांवलीचा परसाद हाये का जी?"

"नाई. औषध हाये."

"कशाचं औषध?"

तुळशीरामला खोटं बोलायची सवय नव्हती. तो घुटमळला आणि म्हणाला, "सगळ्याचं."

हे फार चुकलं. पुढच्या बाकावरच्या बुढ्याला गुडघ्यासाठी हवं झालं, मागच्याला मुळव्याधीसाठी. कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता आपली दाढ दाखवली. कुणीतरी माझ्या झाकणाला हात घातला. बर्फ दिसताच तर कुणाला औषधाची पर्वा राहिली नाही. "बर्फच दे ना भाऊ थोडा, नरडं सुकून राहिलं," असं म्हणत एक हात आत आलाच.

"अरे, रक्त हाये त्याच्यात," तुळशीराम ओरडला.

हात बाहेर निघाला. कंडक्टरने घंटीची दोरी ओढली आणि बस थांबली.

"खाली उतरा," तो म्हणाला.

"भाऊ, बिमार मानसाचं रक्त हाये. नागपूरले तपासाले चाललं. बर्फ विरघळला तं सगळं बेकार होते."

"कोन बिमार हाये?"

"सौंसरचे दादाराव. भोंगेवाले."

यमुना उठून उभी राहिली. "भोंगेवाले? मागल्या साली मेळ्यात माही मीना हरवली होती. यायनंच पुकारलं. नाव चुकून टीना पुकारलं, पन पोरगी तं सापडली. अन् तुमी यायले उतरवता? मंग मलेबी उतरवा."

आता बसमधल्या एकेकाला आठवायला लागलं. कुणाचा बाप मेळ्यात चुकला होता, कुणाची चप्पल, कुणाची सासू. एकाचा बैल तर दादारावांनी पुकारा करण्याआधीच घरी येऊन उभा होता, पण त्याचंही श्रेय त्याने दादारावांनाच दिलं. ड्रायव्हरने मागे वळून कंडक्टरकडे पाहिलं. "चला ना जी," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच गाडी सोडली.

सातनूरच्या नाक्यावर पोचेपर्यंत माझ्यातला निम्मा बर्फ पाणी झाला होता. झाकण उघडं ठेवल्याचा परिणाम, दुसरं काय. सावनेरला बस थांबताच अर्धी बस खाली उतरून बर्फ शोधायला लागली. बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर यमुना पहिली पोचली. घाईघाईत तिने जो बर्फ आणला त्यावर गोळेवाल्याने सवयीने लाल शरबत ओतलं होतं. तुळशीरामने तो नळीला लावायला साफ नकार दिला. तो गोळा यमुनेने खाल्ला आणि दुसऱ्याने कोरा बर्फ आणला. तो माझ्यात ठासून भरला, वर झाकण दाबलं, आणि त्यानंतर ड्रायव्हरने मधल्या थांब्यांवर गाडी उभीच केली नाही. ज्यांना मध्ये उतरायचं होतं तेही नागपूरपर्यंत आले.

नागपूरला डॉक्टर मनोहरांच्या टेबलावर मी रिकामा होऊन उभा राहिलो. पुढे काय होतं ते मला तिथून दिसलं. काचेच्या पट्टीवर जेलीसारखा थर पसरलेला असतो. त्यात त्या पदार्थाला पकडणारं औषध मिसळलेलं असतं. थराच्या कडेला बारीक भोकं पाडून त्यांत रक्तातलं ते पिवळं पाणी टाकतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. पाण्यातला तो पदार्थ पुढे सरकत जातो, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी रंगवली की तिच्यावर उभ्या टोकदार आकृती दिसतात, अगदी दिवाळीच्या रॉकेटसारख्या. पदार्थ जेवढा जास्त, तेवढं रॉकेट उंच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मनोहरांनी पट्टी उजेडात धरली. दादारावांचं आधीचं रॉकेट उंचच होतं. हे त्याच्याही वर गेलं होतं. त्यांनी तडक सौंसरला ट्रंककॉल लावला. लाईन खराब असल्यामुळे ते जे बोलले ते सगळ्या मजल्याने ऐकलं.

"नलिनी, तुझ्या पेशंटचं रॉकेट आणखी वर गेलंय. हो, रॉकेट. हे पाहा, हा अजून अभ्यास आहे, एवढ्यावर इलाज ठरवता येत नाही. पण त्याला घरी सोडू नकोस. कुठेतरी पू दडलाय का, ते पुन्हा बघ."

सौंसरला फोन मात्र नलिनीताईंनी नाही, दवाखान्याच्या कारकुनाने, चिंधूने उचलला होता. नलिनीताई येईपर्यंत त्याने ऐकलेला प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणून घेतला होता. त्यामुळे तुळशीराम मला घेऊन सौंसरला उतरला तेव्हा बसथांब्यावरच पानवाला म्हणाला, "तुळशीरामभाऊ, दादारावचं रॉकेट उडालं म्हनतात. कोठी पडलं?"

आम्ही दवाखान्यापाशी आलो तर फाटकात ही गर्दी. दादाराव स्वतःच्या रिक्षात बसले होते, भोंगा बांधलेला, माईक हातात, निघायच्या तयारीत. नलिनीताई रिक्षासमोर उभ्या होत्या.

"दादाराव, नागपूरच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं आहे. आत कुठेतरी पू असू शकतो."

"बाई, मले ताप नाई. जेवन जाते. तिकडे मेळ्यात पोरं हरवून राहिली असतीन, त्यायचं नाव कोन पुकारन? तुमचं रॉकेट?"

लोक हसले. नलिनीताईंनी रिक्षाचं हँडल धरून ठेवलं. शांताबाई आतापर्यंत गर्दीत होती. ती पुढे आली, तिने नवऱ्याच्या हातातला माईक काढून घेतला आणि बटण दाबलं. इतकी वर्षं ती तो आवाज ऐकत आली होती. आता त्याच सुरात ती बोलायला लागली.

"हॅलो, हॅलो. ध्यान देऊन आयका. एक मानूस हरवला आहे. नाव दादाराव. रंग सावळा, मिशा मोठ्या, अक्कल लहान. आंगात पांढरा सदरा, उजव्या पायाले पट्टी. वार्डातून निघाला आहे, आपल्या खाटेवर पोहोचला नाई. ज्याले सापडन त्यानं डॉक्टरीन बाईपाशी आनून द्यावा. घरी आनू नये."

आवाज पार बाजारापर्यंत गेला. दुकानं सोडून लोक यायला लागले. दादाराव खाली मान घालून बसले. शांताबाईने तेच पुन्हा पुकारलं, पण या वेळी शेवटी तिचा आवाज फुटला. "थो एकटाच हाये," ती माईकमध्ये म्हणाली. "त्याच्यासारखा दुसरा नाई भेटाचा."

दादारावांनी हात पुढे करून बटण बंद केलं. "चाल," ते म्हणाले, आणि तुळशीरामच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत आत गेले. माझं कडं त्यांच्या बरगडीत टोचत होतं, पण त्यांनी खांदा सोडला नाही.

नलिनीताईंनी पोटरी बोटाबोटाने दाबून पाहिली. एका जागी दादाराव खाटेवरून उठूनच बसले. तिथे चीर दिली तेव्हा खोलवरून वाटीभर पू निघाला, आणि त्यासोबत जंभेरीच्या काट्याचं मोडकं टोक. संध्याकाळी त्यांना पुन्हा थंडी वाजली, नाडी बुडायला लागली, आणि दोन दिवस ते शुद्धीत नव्हते. ते दोन दिवस जर मेळ्याच्या धुळीत गेले असते, तर ही गोष्ट मी तुम्हांला हसत सांगितली नसती.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "मेळ्यातली पोरं सापडली का सगळी?"

"सापडली," शांताबाई म्हणाली. "दुसरा भोंगा लावला होता."

"आवाज कसा होता त्याचा?"

"तुमच्याहून बारीक," ती म्हणाली. दादाराव समाधानाने पुन्हा झोपले.

नंतर मी तिसरी खेप नेली. या वेळी रॉकेट बुटकं निघालं. तुळशीरामने येऊन सांगितलं तेव्हा शांताबाईने एवढंच विचारलं, "निजला बँड?" आणि ती भिंतीला टेकून बसल्या जागी घोरायला लागली. त्या वीसेक दिवसांत ती धड झोपली नव्हती, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

पुढे नागपूरहून बर्फाची खास पेटी आली आणि माझं काम संपलं. मला कपाटावर ठेवलं गेलं. एकदा काहीतरी काढताना तुळशीरामचा कोपर लागला, मी खाली पडलो आणि माझ्या आतली काच फुटली. बाहेरून पोचासुद्धा आला नाही. "फेकू का?" तुळशीरामने विचारलं. नलिनीताईंनी काचा झटकून मला पुसलं, माझ्यात कापूस भरला आणि मलमपट्टीच्या टेबलावर ठेवलं. गारवा धरायचं काम गेलं, पण कापूसही कुणीतरी धरावाच लागतो.

बरे झाल्यावर दादाराव पहिल्यांदा रिक्षा घेऊन बाहेर पडले, ते फुकटचा पुकारा करायला. "हॅलो, हॅलो. पायात काटा मोडला असन, गळू झालं असन, लाल रेघ वर चढून राहिली असन, तं हळद लावून घरी बसू नका. मी बसलो होतो. डॉक्टरीन बाईले दाखवा." गल्लोगल्ली त्यांनी हे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मलमपट्टीच्या खोलीबाहेर रांग लागली. काटे, कुरूप, फोड, विळ्याने कापलेली बोटं. रांगेत अगदी शेवटी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई होती. तिचा नंबर आला तेव्हा ती आत आली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पदर मागे सारला. उर्मिलाबाई. टाचेला बरेच दिवसांचं गळू होतं.

"घरातच डॉक्टर असून तुमी रांगीत उभ्या राह्यल्या?" तुळशीराम चकित झाला.

"हळू बोल. सुनेला सांगितलं असतं तर तिनं आधीच चिरलं असतं," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी मला ओळखलं. माझ्यात वाकून पाहत त्या म्हणाल्या, "यातला कापूस स्वच्छ आहे ना?"

"एकदम साफ हाये जी."

"मग यातलाच लाव."

तेवढ्यात नलिनीताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. खाली बसल्या, सासूचा पाय मांडीवर घेतला आणि कापसासाठी माझ्याकडे हात केला.

मित्रांनो, तुमच्या पायात काटा मोडला, तर दिसतो तेवढा काढून गप्प बसू नका. घरच्यांना दाखवा. घरच्यांना भीत असाल तर रांगेत उभे राहा, पण दाखवा. आणि तुमच्या घरातलं नेहमी बोलणारं माणूस एखाद्या दिवशी गप्प झालं, तर बरं झालं असं म्हणू नका. त्याच्या कपाळाला हात लावून बघा.